टोकियोच्या अंगणातले लोकाट: तानाका योशिओ आणि किनाऱ्यासाठी जात निवडण्याचा प्रश्न

कोकणातून लोकाटबद्दल विचारणा येते, तेव्हा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. 'तानाका' जात लावावी का? रोपवाटिकेच्या यादीत हे नाव असते, शेजारी मोठ्या केशरी फळाचे चित्र असते आणि खाली लिहिलेले असते की ही जात उष्ण किनारी हवामानाला योग्य आहे. तुम्हीही अशी यादी पाहिली असेल. यादीतले वाक्य पूर्ण खोटे नाही, पण त्यातला 'किनारा' कुठला आणि 'उष्ण' म्हणजे किती उष्ण, हे तिथे लिहिलेले नसते.

तानाका हे एका माणसाचे आडनाव आहे. त्याचे आयुष्य समजून घेतले की ही जात कुठे जन्मली, कशासाठी टिकली आणि कुठे चालणार नाही, हे बरेचसे आपोआप उलगडते. म्हणून या वेळी जातींच्या तक्त्याआधी माणसाची ओळख करून घेऊ.

त्याआधी, ज्यांनी लोकाट पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे सफरचंद-नासपतीच्या, म्हणजे गुलाबाच्या कुळातले सदाहरित झाड. पाने लांब, जाड, खालून लवदार. फळे घोसाने येतात, साधारण जर्दाळूएवढी, पिवळी ते केशरी, आत दोन-चार मोठ्या चकचकीत तपकिरी बिया. झाड मूळचे चीनचे. आपल्याकडे सहारनपूर, देहरादून, पंजाब या पट्ट्यात त्याच्या बागा आहेत. बाकीची फळझाडे वसंतात फुलतात, हे मात्र थंडीच्या तोंडावर आणि थंडीत फुलते आणि उन्हाळा लागता लागता पिकते. ही उलटी चाल लक्षात ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

डोंगरातल्या वैद्याचा मुलगा

तानाका योशिओ यांचा जन्म १८३८ चा. गाव इइदा, जपानच्या मधल्या डोंगराळ भागात, तेनर्यू नदीच्या खोऱ्यात. समुद्र दूर, थंडी कडक. वडील वैद्य होते. औषधी वनस्पती गोळा करणे, ओळखणे, वाळवणे हे घरातच चाले, त्यामुळे पानाफुलांकडे पाहण्याची नजर मुलाला लहानपणीच मिळाली. माणसाने जगाच्या काहीतरी उपयोगी पडले पाहिजे, ही शिकवणही वडिलांचीच. पुढे त्यांनी जे केले त्याचा धागा इथपर्यंत येतो.

विशीच्या आत-बाहेर ते नागोयाला इतो केईसुके यांच्याकडे शिकायला गेले. हे गुरू साधे नव्हते. नागासाकीला जर्मन वैद्य झिबोल्ट यांच्याकडे ते शिकले होते आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांच्या जपानी वनस्पतींवरील ग्रंथावरून त्यांनी १८२९ मध्ये जपानी वाचकांसाठी पुस्तक केले होते. योगायोग असा की लोकाटला पहिले शास्त्रीय नाव देणारेही हेच थुनबर्ग. ज्या झाडाला पुढे तानाकांचे नाव लागणार होते, त्याचे शास्त्र त्यांच्या गुरूच्या घरात आधीच पोचले होते.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला इतोंबरोबर तानाका एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आले. परदेशी पुस्तकांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था तिथे होती. तिच्या उपज-विभागात त्यांना काम मिळाले. बाहेरून आलेले बी, कंद, रोपे लावून पाहायची, काय जगते आणि काय मरते याची नोंद ठेवायची, हे ते काम. आजच्या भाषेत प्रक्षेत्र चाचणी. १८६६ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या सफरचंदाच्या काड्या त्यांनी जपानी खुंटावर बांधल्या आणि त्या लागल्या. परदेशी झाडाला देशी मुळे दिली की ते आपल्या मातीत लवकर रुळते, हे त्यांनी हाताने करून पाहिले होते.

पॅरिस, व्हिएन्ना, फिलाडेल्फिया

१८६७ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. जपानकडून कीटकांचे नमुने मागवले गेले आणि ते जमवायचे काम तानाकांकडे आले. एदोच्या आसपासच्या प्रांतांत फिरून त्यांनी कीटक पकडले, पन्नासच्या वर पेट्या भरल्या आणि त्या घेऊन स्वतः बोटीने पॅरिसला गेले. तिथे त्यांनी वनस्पती उद्यान पाहिले. एकाच आवारात झाडे, प्राणी, संग्रहालय आणि शिक्षण. सामान्य माणसाने यावे, पाहावे आणि शिकून जावे, अशी ती जागा. ती त्यांच्या मनात घर करून राहिली.

ते परतले तेव्हा देशात सत्तापालट होत होता. १८६८ नंतरच्या मेइजी सरकारला नवे जग शिकलेली माणसे हवी होती. १८७३ च्या व्हिएन्ना आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनांच्या कामात तानाका होते. संग्रहालय उभारणे, देशांतर्गत औद्योगिक प्रदर्शन भरवणे यातही त्यांचा हात होता. १८८२ मध्ये टोकियोच्या उएनो बागेत संग्रहालय आणि त्याला जोडून प्राणिसंग्रहालय उघडले. जपानमध्ये त्यांना संग्रहालयांचे जनक म्हणतात ते यामुळे. पण मला, शेतीचा माणूस म्हणून, त्यांची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. १८८१ ची जपानी कृषी सभा आणि त्यापाठोपाठची वनांची व मत्स्यव्यवसायाची सभा, या तिन्हींच्या उभारणीत ते पुढे होते. शेतकरी, जाणकार आणि सरकारी अधिकारी एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था त्यांना हवी होती. कृषी सहायक म्हणून तुम्ही आज गावात जे करता, त्याची ही त्या देशातली सुरुवातीची पावले म्हणता येतील.

आणखी एक सवय सांगण्यासारखी आहे. ते कागद जपत. प्रदर्शनाची पत्रके, मालाची वेष्टने, लेबले, जाहिराती, जे हाती येईल ते वह्यांमध्ये चिकटवून ठेवत. अशा जवळपास शंभर वह्या आज टोकियो विद्यापीठात आहेत. क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूत काहीतरी असू शकते, असे मानणारा हा माणूस होता. लोकाटची गोष्ट त्याच स्वभावातून घडली.

नागासाकीचे बी

१८७९ मध्ये तानाका नागासाकीला गेले होते. नागासाकी म्हणजे जपानच्या नैर्ऋत्य टोकाचे बंदर, कित्येक शतके चिनी आणि डच जहाजांचा मुक्काम. जपानात लोकाट जुने आहे, पण गावरान झाडांची फळे लहान, बियाच जास्त. चीनकडून आलेल्या मोठ्या फळाच्या लोकाटने नागासाकीच्या परिसरात आधीच मूळ धरले होते. तानाकांनी तिथे असे मोठे फळ खाल्ले, त्याच्या बिया ठेवून घेतल्या आणि टोकियोत होंगो भागातल्या आपल्या घराच्या अंगणात लावल्या.

इथे जरा थांबा. आंब्याची कोय तोंडातून काढून परसात टाकणे आपल्याकडे रोजचे आहे. पण लोकाटचे बी ज्याने हाताळले आहे त्याला ठाऊक असेल की ते वाळले की उगवत नाही. फळातून काढल्यावर ओलसर ठेवून लवकर पेरावे लागते. नागासाकी ते टोकियो अंतर हजारभर किलोमीटर आणि तेव्हा या दोन शहरांना जोडणारी रेल्वे नव्हती. बी जगवून आणणे म्हणजे काळजी घेणे आलेच.

मग वाट पाहणे आले. लोकाटचे बियांपासूनचे झाड फळायला सहा-आठ वर्षे सहज घेते. तानाकांच्या अंगणातल्या झाडांना १८८० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी फळ धरले. त्यातल्या एका झाडाचे फळ ठळकपणे मोठे आणि चांगले होते. त्या झाडाच्या काड्या पुढे गेल्या, कलमे झाली आणि जातीला 'तानाका' हे नाव पडले.

बियांपासूनचे झाड आईसारखे असेलच असे नाही. आपला रायवळ आंबा तसाच. शंभर कोयी लावा, शंभर प्रकारची फळे मिळतील, त्यातली नव्वद सामान्य. एखादे झाड चुकून सोने निघते आणि मग ते कलमाने टिकवायचे. हापूसही कधीतरी असेच एक झाड असणार. तानाकांनी संकर केला नाही. त्यांनी बी लावले, थांबले, फरक ओळखला आणि झाड वाया जाऊ दिले नाही. ऐकायला सोपे आहे, पण कामाच्या रगाड्यात सात-आठ वर्षे अंगणातल्या झाडावर नजर ठेवणे सोपे नसते.

त्याच काळात सरकारी पातळीवर काय चालले होते तेही पाहा. परदेशी फळझाडे आणून देशभर वाटण्याचा मेइजी सरकारला मोठा उत्साह होता. युरोपीय द्राक्षांसाठी ह्योगो भागात १८८० मध्ये सरकारी द्राक्षबाग उभी राहिली. दमट हवा त्या वेलींना मानवणारी नव्हती आणि १८८५ मध्ये मुळांवरचा फायलोक्झेरा किडा तिथे सापडला. बाग टिकली नाही. दुसरीकडे, टोकियोच्या अंगणातल्या मूठभर बियांमधून निघालेली जात आजही लावली जाते. सरकारी योजना वाईट असतात असे मला म्हणायचे नाही, मी त्याच क्षेत्रातला आहे. पण दुसऱ्या हवामानातले तयार झाड आणून लावणे आणि जिथे लावायचे तिथेच वाढवून निवडणे, यातला फरक या दोन उदाहरणांत दिसतो.

दोन किनारे, दोन जाती

जपानच्या लोकाटमध्ये दोन जुन्या जातींचा पगडा राहिला आहे. एक तानाका, दुसरी 'मोगी'. मोगीची कथाही ऐकण्यासारखी आहे. नागासाकीजवळच्या मोगी गावची मिउरा शिओ नावाची बाई शहरात कामाला होती. तानाकांच्या जन्माच्या आगेमागेच्या काळात चीनकडून आलेल्या लोकाटचे बी तिच्या हाती लागले आणि ते तिच्या माहेरच्या घराशी लावले गेले. त्यातून ही जात निघाली. एक जात मोलकरणीची, दुसरी सरकारी अधिकाऱ्याची, आणि दोन्ही बियांपासून, घराजवळ, निवडीने आलेल्या.

मोगीचे फळ ४० ते ५० ग्रॅमचे, जरा लांबट. साल सहज निघते, आंबटपणा कमी, गोडी चांगली. मेअखेरीस तयार होते. तानाकाचे फळ ६० ते ८० ग्रॅमचे, गोलसर, गर घट्ट. ते मोगीच्या मागून, जूनमध्ये येते. त्यात आंबटपणा जास्त असतो आणि तो उशिरा उतरतो. इथे बागाईतदार फसतो. रंग चढला म्हणून तानाका लवकर तोडले की ग्राहक तोंड वाकडे करतो, आणि लोकाट तोडल्यावर आंब्यासारखे अढीत गोड होत नाही. रंग पूर्ण भरू द्या, एक फळ चाखा, मगच घोस उतरवा. या जातीच्या बाजूने सांगायचे तर फळ टिकाऊ आहे. आठवडाभर ठेवले तर सुरकुतते, पण लगेच सडत नाही.

आता मुख्य फरक. मोगीचा बालेकिल्ला नागासाकी आणि दक्षिणेकडचा उबदार किनारा. तानाका गेली ती मुख्यतः त्याहून थंड भागांत, टोकियोजवळच्या चिबा जिल्ह्यातल्या बोसो द्वीपकल्पासारख्या ठिकाणी. बोसोलाही समुद्राच्या उबदार प्रवाहाचा आधार आहे, पण तिथली थंडी नागासाकीपेक्षा जास्त. कारण लोकाटच्या उलट्या चालीत आहे. झाड नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुलत राहते. कळी बऱ्यापैकी थंडी सोसते, पण नुकतेच धरलेले चिमुकले फळ उणे ३ अंशांच्या आसपास मरते, म्हणजे आतले बी काळे पडते आणि फळ वाढत नाही. जी जात लवकर फुलते, तिची फळे कडाक्याच्या थंडीत नेमकी या नाजूक अवस्थेत सापडतात. तानाका उशिरा फुलते. थंडीची लाट येते तेव्हा तिच्यावर कळ्या आणि फुले शिल्लक असतात, म्हणून काहीतरी पीक हाती लागते. तिची निवडच टोकियोच्या थंडीत झाली होती, हे विसरू नका.

म्हणजे पाहा, तानाका ही उबदार किनाऱ्यावरच्या बियांची, पण थंड जागी निवडलेली जात आहे. यादीतले वाक्य तिचे आजोळ सांगते, घर सांगत नाही.

जपानी संशोधकांनी पुढे या दोन घराण्यांवरच बांधकाम केले. मोगीपासून आलेली 'नागासाकी वासे' लवकर पिकते, पण थंडी सोसत नाही, म्हणून तिची लागवड हरितगृहात जास्त. तानाकापासून 'ओबुसा' निघाली, मोठ्या फळाची आणि थंडीला काटक, ती बोसो भागात रुळली. चिबामध्ये तानाकाच्या चौगुणित झाडाचा नागासाकी वासेशी संकर करून बिनबियांचे 'किबो' तयार झाले. त्याला फळ धरण्यासाठी जिबरेलिनची प्रक्रिया द्यावी लागते.

जपानबाहेरही तानाका फिरली: कॅलिफोर्निया, इटली, इस्रायल, ब्राझील. कॅलिफोर्नियात त्याच सुमारास टॅफ्ट नावाचे बागाईतदार आपल्या बागेत लोकाटची रोपे लावून निवड करत होते. त्यांची 'ॲडव्हान्स' ही फिकट गराची, बुटकी जात १८९७ ची. आपल्या उत्तर भारतातल्या याद्यांमध्ये 'कॅलिफोर्निया ॲडव्हान्स' आणि 'तानाका' ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी, उशिरा येणाऱ्या जातींमध्ये असतात. लवकरच्या गटात 'गोल्डन यलो', 'पेल यलो', 'थेम्स प्राइड', मधल्यात 'फायर बॉल', 'मॅमथ', 'लार्ज आग्रा' वगैरे.

मग कोकणात काय?

अंतर आणि अंश पाहू. नागासाकी उत्तर अक्षांश ३२ च्या पुढे, टोकियो ३५ च्या पुढे, रत्नागिरी १७. नागासाकीचे जानेवारीतले सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास. रत्नागिरीत त्याच महिन्यात रात्रीचे सरासरी तापमानही १८-१९ अंशांच्या आसपास असते. त्यांच्या उबदार किनाऱ्याचा हिवाळा आपल्याकडे महाबळेश्वरलाही रोज सापडणार नाही. लोकाटला सफरचंदासारखी कडक थंडीची अट नाही, हे खरे. पण उष्ण आणि फार दमट सखल भागात हे झाड शोभेचे होऊन बसते. पाने उत्तम, वाढ उत्तम, फळ मात्र तुरळक. उन्हाचा तडाखा आणि कोरडा गरम वारा असेल तर पाने करपतात, फळांवर डाग पडतात.

त्यातही तानाकाची अडचण दुहेरी. जिच्यासाठी ती घ्यायची तो थंडी सोसण्याचा गुण आपल्याला किनाऱ्यावर लागतच नाही. आणि तिचा उशीर मात्र आपल्याला नडतो, कारण उशिराचे फळ म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात, फळमाशीच्या ऐन जोरात आणि आंब्याच्या बाजारात आलेले फळ. लवकर येणारी जात हा निदान उन्हाच्या आधी सुटण्याचा मार्ग आहे. म्हणून किनारपट्टीवर करून पाहायचेच असेल, तर मी आधी गोल्डन यलोसारख्या लवकरच्या जातीकडे बोट दाखवीन आणि तानाका परागीकरणाला जोडीदार म्हणून एखाद-दुसरे झाड एवढेच ठेवीन. तीही फुलण्याच्या वेळा जुळल्या तर. गोल्डन यलो स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, हे ध्यानात ठेवा. एकाच जातीची दहा झाडे लावून फळ आले नाही तर दोष झाडाचा नसतो. दोन जाती आणि जवळपास मधमाश्या, दोन्ही पाहिजेत.

घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेचे उतार, जिथे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगला गारवा असतो आणि पाणी साचत नाही, तिथे शक्यता बरी. तिथे तानाकाला जागा देऊन पाहायला हरकत नाही. सहारनपूरच्या हिवाळ्याशी आपल्या गावचा हिवाळा किती जुळतो, हा प्रश्न नागासाकीपेक्षा अधिक उपयोगी पडेल, कारण या जातीची भारतातली ओळख तिकडचीच आहे.

माझा एक अनुभव सांगतो. नाव घेत नाही. एका शेतकऱ्याने तानाका म्हणून आणलेली रोपे मला दाखवली. खोडावर सांधा कुठेच नव्हता. बियांची रोपे होती. विकणाऱ्याने तानाकाच्या फळातले बी लावले होते आणि नाव तेच ठेवले होते. ती झाडे काय फळ देतील हे कुणीच सांगू शकत नव्हते. ज्या माणसाने बी लावून नवीन जात मिळवली, त्याच्या नावाने बियांची रोपे जुनी जात म्हणून विकली जावीत, याचे मला हसू आले आणि रागही. तुम्ही रोप घेताना खोड तपासा. भेट कलम किंवा पाचर कलम असेल तर सांधा दिसला पाहिजे. गुटी असेल तर सांधा नसतो, पण मग ते गुटी आहे असे विकणाऱ्याने सांगितले पाहिजे. कलम तीन-चार वर्षांत फळायला लागते, बियांच्या रोपाला त्याच्या दुप्पट वेळ जातो. तो फरक पाचव्या वर्षी कळून उपयोग नाही.

लागवड करणाऱ्यांसाठी जपानी बागेतली एक गोष्ट थेट उचलण्यासारखी आहे: घोसांची विरळणी. लोकाटच्या एका तुऱ्यात शंभराच्या घरात फुले असतात. सगळी ठेवली तर फळे बोराएवढी राहतात. तानाकासारख्या मोठ्या फळाच्या जातीत घोसाला एक-दोन फळे राखतात, मोगीत तीन-चार, आणि वर कागदी पिशवी बांधतात. मजुरीचा हिशेब आपल्याकडे वेगळा आहे, पण पिशवीने उन्हाचा डाग, फळमाशी आणि पाखरे यांचा त्रास एकदम कमी होतो. कोकणात तर ती नसेल तर पिकलेले फळ तुमच्या वाट्याला येईल याची खात्री नाही.

शेवटची वर्षे

तानाका १८९० मध्ये जपानच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. १८९१ मध्ये उपयोगी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इसे या तीर्थक्षेत्री शेती संग्रहालय सुरू झाले. त्याच्यामागेही ते होते. यात्रेला येणाऱ्या शेतकऱ्यांना चांगले बी, अवजारे, पिके डोळ्यांनी पाहता यावीत, ही त्यामागची कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे पंढरपूरच्या वाटेवर असे काही असते तर? असो. १९१५ मध्ये त्यांना बॅरन ही पदवी मिळाली आणि पुढच्या वर्षी, २२ जून १९१६ रोजी ते गेले. जून म्हणजे तानाका लोकाटच्या काढणीचा महिना.

यंदा पावसाच्या तोंडावर रोपे लावणार असाल तर दोन जातींची मिळून चार-सहा कलमे पुरे, एकर अडवू नका. जागा उताराची आणि निचऱ्याची घ्या. कोकणच्या पावसात मुळाशी पाणी साचले की हे झाड बसते, म्हणून जांभ्या जमिनीत खड्ड्यातली माती वर उंचवटा होईल अशी भरा. दोन झाडांत सहा-सात मीटर ठेवा. पश्चिमेकडे उन्हाचा आडोसा मिळाला तर उत्तम. फुले येऊ लागली की पहिल्या तुऱ्याची तारीख, फळ धरल्याची तारीख आणि पहिल्या तोडणीची तारीख वहीत लिहा, दोन्ही जातींची वेगळी. कृषी सहायकांनी आपल्या मंडळात अशी दोन-तीन झाडे कुठे असतील तर त्यांच्याही तारखा याच वहीत घ्याव्यात. तीन-चार हंगामांच्या या तारखा हाती असल्या, की तुमच्या गावासाठी कोणती जात, याचे उत्तर द्यायला रोपवाटिकेची यादी लागणार नाही.